रातव्याशेजारी पोहे

नेरळ स्टेशनाबाहेर सकाळी साडेसहाला पाऊल टाकणाऱ्याला एकच प्रश्न विचारला जातो: "माथेरान?" त्यातलं प्रश्नचिन्हही केवळ रीत म्हणून असतं. मार्चच्या पहिल्या रविवारी डोंबिवलीहून आलेल्या चौघांनी या प्रश्नाला "नाही" असं उत्तर दिलं, तेव्हा टॅक्सीवाल्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग डोंगर जागेवर आहे ना, याची खात्री करून घेतली.

"मग कुठं?"

"माळावर."

"कुठल्या माळावर?"

यावर चौघांत एकमत नव्हतं. टॅक्सीवाला सहानुभूतीने म्हणाला, "पक्षीच बघायचेत ना? मग वरच चला की. तिथं माकडं पण हायत."

त्याचंही चुकत नव्हतं. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले, तेव्हापासून या भागात येणाऱ्याची मान वरच असते. पुढे पीरभॉय घराण्याने सोळा लाख रुपये घालून दोन फुटी रुळांची गाडी डोंगरावर नेली. २२ मार्च १९०७ ला ती सुरू झाली आणि नेरळ हे गाव न राहता माथेरानचा जिना झालं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसकण मारून इकडेतिकडे पाहणारी माणसं त्या दिवसापासून संशयास्पद ठरली आहेत.

या चार संशयितांची ओळख करून द्यायला हवी. मोहिमेच्या प्रमुख होत्या बाई. शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सोसायटीचे वॉचमनसुद्धा त्यांना बाईच म्हणतात. त्यांच्याकडे दोनशेपानी वही, शिसपेन्सिल आणि खोडरबर. पक्षी दिसला की वेळ, ठिकाण, संख्या लिहायची. त्यांच्या वहीत 'बहुधा' हा शब्द चालत नाही. दुसरे तोफवाले. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आलेल्या पैशांतून ६०० मिलिमीटरची लेन्स घेतली. तिच्यावर पानापानांच्या नक्षीचं कापड चढवलेलं असतं. लेन्सची खरी किंमत त्यांनी काकूंना अजून सांगितलेली नाही. तिसऱ्या या काकू. पक्षी बघायला जाताना मातकट कपडे घालायचे, ही सूचना त्यांना व्हॉट्सॲपवर मिळाली होती. पण मातकट रंगाची साडी त्या श्राद्धालाही नेसत नाहीत. त्या राणी रंगाच्या कुर्त्यात आणि पांढऱ्या टोपीत आल्या होत्या. चौथा तोफवाल्यांचा भाचा. त्याच्या फोनमध्ये आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारं ॲप होतं, आणि म्हणून त्याने डोळे वापरणं जवळजवळ सोडून दिलं होतं.

मोहिमेचं मूळ मात्र अमेरिकेत होतं. बाईंची मुलगी नेब्रास्कात असते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिने व्हिडिओ पाठवला. प्रेअरीवर, म्हणजे तिकडच्या अफाट गवताळ माळावर, पहाटेच्या करड्या उजेडात 'प्रेअरी चिकन' नावाचे पक्षी नाचताहेत. नर गळ्याशी नारिंगी फुगे फुगवतात, पाय आपटतात, शंखाचा दमलेला भाऊ वाटावा असा आवाज काढतात, आणि माद्या भाजी निवडल्यासारख्या त्यांच्यातून हिंडतात. हे पाहायला माणसं सूर्योदयाच्या तासभर आधी अंधारात लाकडी लपणीत जाऊन बसतात. पक्षी आपणहून निघून जाईपर्यंत कुणी बाहेर यायचं नाही.

"आणि मध्येच कुणाला जावं लागलं तर?" काकूंनी तेव्हा विचारलं होतं.

"थांबायचं," बाई म्हणाल्या.

"कोंबड्यांसाठी?"

बाईंना मात्र व्हिडिओ झोंबला. वसंत काय फक्त नेब्रास्कात येतो? आपल्याकडे माळ नाहीत? भाच्याने लगेच विचारलं, मग माळढोक दिसेल का. बाईंनी त्याला नकाशावर सोलापूर दाखवलं, नान्नज दाखवलं, माळढोकाचं अभयारण्य तिथे १९७९ पासून आहे हे सांगितलं आणि अभयारण्य उरलंय, माळढोक जवळजवळ उरलेला नाही, हेही सांगितलं. मग डोंबिवलीहून एका लोकलमध्ये पोचता येईल असा माळ शोधताना बोट नेरळवर थांबलं.

इथे भूगोलाच्या बाईंनी थोडी सूट घेतली होती. नेरळचा माळ देशावरच्या माळासारखा क्षितिजापर्यंत जाणारा नव्हे. इथे भाताची खाचरं, आणि खाचरांच्या वर, जिथे पाणी ठरत नाही तिथे वरकस जमीन. वरकसवर कधी नाचणी, कधी वरी, आणि एरवी गवत. ठाणे-कुलाबा पट्ट्यातलं असलं गवत एके काळी मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी खायच्या. आता त्या जमिनीवर दुसऱ्याच प्रकारचं पीक येतं, त्याकडे पुढे येऊच.

शेअर रिक्षाने चौघांना कळंब रस्त्यावर दहिवलीच्या पुलाशी सोडलं. पावसाळ्यात हा पूल कधीकधी उल्हास नदीच्या पोटात जातो. मार्चमध्ये मात्र नदी शहाण्यासारखी खालून वाहत होती.

"पण मार्चमध्ये एवढं पाणी कुठून?" भाच्याने विचारलं. हा प्रश्न त्याने विचारायला नको होता.

बाईंनी पुलाच्या कठड्याला पाठ टेकवून तास घेतला. घाटाच्या पलीकडे मावळात आंद्रा नदी. तिने रीतसर इंद्रायणीला भेटायचं, इंद्रायणीने भीमेला, भीमेने कृष्णेला, आणि सगळ्यांनी मिळून बंगालच्या उपसागरात जायचं. पण टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधलं, पाणी उलट्या दिशेला वळवून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली आणलं आणि १९२२ मध्ये भिवपुरीच्या वीजघरात त्यावर चक्रं फिरवली. मुंबईत दिवे लागले. चक्रांतून सुटलेलं पाणी पेज नदीत आलं, राजनाल्याच्या कालव्यात गेलं, कर्जत तालुक्यात उन्हाळी भात उभं राहिलं, आणि उरलेलं पाणी पेजेबरोबर उल्हासात. "म्हणजे बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी वसईच्या खाडीला चाललंय," बाई म्हणाल्या. "आणि वाटेत थोडं आपल्या डोंबिवलीच्या नळाला येतं."

या तासाला एक कवड्या खंड्याही हजर होता. तो बाईंच्या मागे, पाण्यावर पंधरा-वीस फूट उंचीवर, जागच्या जागी फडफडत थांबला. मग दगड सोडावा तसा खाली आला. मासा घेऊन वर निघाला, खडकावर मासा दोनदा आपटला, गिळला, चोच पुसली आणि गेला. तोफवाल्यांची तोवर पिशवीची चेन उघडून झाली होती.

काकूंनी मात्र सगळं पाहिलं होतं. "मासा चांदेरी होता हो," त्या म्हणाल्या. बाईंनी 'कवड्या खंड्या, १' असं लिहिलं, पण स्वतः न पाहिलेला पक्षी लिहिल्याची बोच त्यांना दुपारपर्यंत होती.

पुलाखाली तशी बरीच वर्दळ होती. खडकांवर पाणकावळे पंख पसरून वाळत होते. काठच्या चिखलात एक ढोकरी उभी होती. उभी असताना ढोकरी म्हणजे चिखलाचाच एक गोळा असतो, आणि उडाली की पांढरेफेक पंख उघडून अशी जाते की, हा पक्षी दुसराच कुणी असावा असं वाटतं. एक तुतवार पाण्याच्या कडेकडेने चालताना शेपूट सारखी खाली-वर करत होता. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून तो हिवाळ्यापुरता इथे येतो. काकूंच्या मते त्याला घरातून निघताना गॅस बंद केला की नाही, हे आठवत नव्हतं.

खरा गोंधळ घातला पिवळ्या धोब्यांनी. उन्हाळी भाताच्या हिरव्यागार चौकोनात वीसेक जण चालत होते. हे पाहुणे थंडीभर मळकट कपड्यांत असतात आणि उत्तरेला विणीसाठी परतण्याआधी, नेमकं या दिवसांत, कपडे बदलतात. कुणाचं डोकं निळसर होतं, कुणाचं राखाडी, कुणाचं काळं. त्या त्या पोटजातीचा तो गणवेश. पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्ध्यांचं कपडे बदलणं अर्ध्यावर असतं. बाईंनी आठ वेळा लिहिलं, सात वेळा खोडलं. शेवटी 'पिवळा धोबी, २०' एवढंच ठेवून त्यांनी वही मिटली आणि खोडरबराची धूळ फुंकली.

रस्त्याच्या वळणावर पांगारा फुलला होता. पान एक नाही, नुसती लाल फुलं. त्यावर पन्नास-साठ भोरड्यांची सभा भरली होती. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, आणि प्रत्येक फूल आपल्याच नावावर असल्यासारखी भांडणं. भोरड्या मध्य आशियाकडच्या. तिथे टोळ-नाकतोडे माजतात त्या हंगामात पिल्लं काढायची आणि वर्षातले बाकीचे बरेच महिने भारतात काढायचे, असा त्यांचा हिशेब. म्हणजे माहेर कुठलं आणि सासर कुठलं, हे ठरवणं अवघड. तोफवाल्यांनी या झाडावर तीनशे ऐंशी फोटो काढले. त्यांतल्या तीनशे सत्तरांत फुलं सुरेख आली आहेत.

तिथेच टुक, टुक, टुक सुरू झालं. तांबट. भाच्याच्या ॲपने लगेच नाव सांगितलं, आणि भाचा विजयी मुद्रेने पुढे चालू लागला.

"अरे, बघायचा नाही का?" बाई कडाडल्या.

तांबट बघणं ही मात्र सोपी गोष्ट नाही. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर आणि छातीवर लाल टिकला, गळा फुगवून एका लयीत ठोके देतो आणि देताना मान या बाजूकडून त्या बाजूला वळवतो. त्यामुळे आवाज आता समोरून, आता डावीकडून, आता मागच्या गल्लीतून आल्यासारखा वाटतो. तीन दुर्बिणी आणि एक तोफ वीस मिनिटं एका वडाच्या पानन् पानावर फिरल्या. काकू वडाकडे पाठ करून चप्पलमधला खडा काढत होत्या.

"ते काय," त्या म्हणाल्या, "त्या वाळक्या फांदीच्या टोकावर. लाल टिकलीवालं."

भाच्याच्या ॲपलाही पुढे एकदा नामुष्की पत्करावी लागली. साडेआठच्या सुमारास त्याने "कोकीळ!" असं ओरडून सगळ्यांना थांबवलं. फोनवर नाव ठळक चमकत होतं. चौघं कान देऊन उभे राहिले. कोकिळाने दोन हाका दिल्या आणि तिसरीला मोटरसायकलवर बसलेल्या दूधवाल्याने खिशातून फोन काढून "हां, बोल" असं म्हटलं. ॲपचं चुकलं नव्हतंच. फोनात कोकीळच होता.

मग माळ आला. आधी त्याचे फलक आले. नेरळच्या आसपासची वरकस जमीन आता प्लॉटांत मोजतात. कमान असते, कमानीमागे मुरमाचा रस्ता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुना फासलेले हद्दीचे दगड आणि दगडांमध्ये गवत. फलकांवर निसर्गाची कूस असते, डोंगराची कूस असते. एवढ्या कुशींत माणसाने झोपावं तरी कुठे. एका फलकावर फ्लेमिंगोचं चित्र होतं. फ्लेमिंगोला ठाण्याची खाडी आवडते, तिथे २०१५ पासून त्याच्या नावाचं अभयारण्यही आहे. नेरळच्या खडकाळ वरकसवर तो काय खाणार, हे चित्रकाराने विचारात घेतलेलं दिसत नव्हतं.

एका हद्दीच्या दगडावर टिटवी उभी होती. तिने चौघांना पाहिलं आणि जी ओरडायला लागली ती थांबेचना. टिटवी उघड्या जमिनीवर, नुसत्या खळग्यात अंडी घालते. दगडांसारखीच ठिपक्यांची चार अंडी, टोकं आतल्या बाजूला. जवळपास तसं काही असावं, म्हणून बाईंनी सगळ्यांना आल्या पावली मागे फिरवलं आणि लांबून वळसा घातला. टिटवी तरी ओरडतच होती. प्रसंग पडला तर टिटवीही समुद्र आटवते म्हणतात. एका बिगरशेती प्लॉटचं काय घेऊन बसलात.

पुढे पडक्या विहिरीवर झुकलेली शिंदी होती आणि तिच्या झावळ्यांना सुगरणीचे खोपे लटकत होते. गेल्या पावसाळ्यातले, वाळून तपकिरी झालेले. काही पूर्ण, लांब बोगद्याचे. काही अर्धेच, शिरस्त्राणासारखे.

"किती कष्टाळू ना सुगरण," काकू म्हणाल्या. बहिणाबाईंच्या कवितेपासून साऱ्या महाराष्ट्राने या घराचं श्रेय तिलाच दिलं आहे.

"खोपा नर बांधतो," बाई म्हणाल्या.

काकूंनी तोफवाल्यांकडे पाहिलं. तोफवाले लेन्स पुसू लागले.

हा शोध याच जिल्ह्यातला म्हणायला हरकत नाही. १९३० साली सालिम अली जर्मनीतून शिकून परत आले तेव्हा हाताला काम नव्हतं. मुंबई परवडेना, म्हणून अलिबागजवळ किहीमला सासरकडच्या घरात राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी तिच्यावर पाळत ठेवली. दिसलं ते असं: नर खोपा अर्धा विणतो आणि थांबतो. माद्यांचा घोळका पाहणीला येतो. आत शिरून बघतात, ओढून बघतात. एकीला पसंत पडला की ती ताबा घेते आणि मगच नर उरलेलं बांधकाम पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की हा त्याच झाडावर दुसरा खोपा सुरू करतो, दुसरीसाठी. कुणालाच पसंत न पडलेले खोपे तसेच अर्धे लटकत राहतात. पुढच्या वर्षी हे निबंधरूपाने प्रसिद्ध झालं आणि बेकार सालिम अलींकडे पक्षिशास्त्राच्या जगाचं लक्ष गेलं.

भाच्याने विहिरीवरचे अर्धे खोपे मोजले, मग मागे वळून कमानीपलीकडच्या इमारतींचे सळया वर काढून थांबलेले सांगाडे मोजले, पण बोलला काहीच नाही. बाईंच्या शाळेत एवढं तरी शिकला होता.

एका पूर्ण खोप्यातून तेवढ्यात एक फिकट, जाड चोचीची चिमुकली मुनिया बाहेर आली. मागून दुसरी, तिसरी. पांढऱ्या कंठाच्या या मुनिया सुगरणीने सोडलेल्या घरांत बिनदिक्कत राहतात, अंडीही घालतात. काकूंना हे पक्षी मनापासून आवडले. "बांधकामाची कटकट नाही," त्या म्हणाल्या.

पलीकडच्या खाचरात राब भाजणं चाललं होतं. झाडांचा टहाळा, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर रचून त्याला आग लावायची. जमीन भाजली की तणाचं बी मरतं आणि राखेत भाताची रोपं जोमाने येतात, असा कोकणातला जुना रिवाज. भाचा धुराकडे पाहून नाक मुरडत होता. पण धुराच्या कडेला मेजवानी चालली होती. आगीतून उठलेले किडे टिपायला कोतवाल तारेवरून सूर मारत होते, वेडे राघू उडत्या किड्याला हवेत गाठून पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसत होते, आणि त्यांच्या वर घारी. तोफवाल्यांनी इथे एक खरोखर चांगला फोटो काढला: वेडा राघू, चोचीत आडवी धरलेली मधमाशी, मागे निळसर धूर. तो फोटो त्यांनी त्या दिवशी अकरा जणांना दाखवला. त्यांतले चार अनोळखी होते.

बाईंचा चेहरा मात्र उतरला होता. नऊ वाजून गेले, ऊन चढलं, वहीत सदतीस पक्षी झाले, पण नाच कुठे होता? नेब्रास्काला पाठवावं असं काय मिळालं?

तेव्हा गवतातून एक काळपट पक्षी उठला.

चिमणीपेक्षाही लहान. पंख थरथरवत तो सरळ वर चढला, तीन-चार मजले उंच गेला आणि तिथे पंख मिटून घेतले. डोकं खाली करून तो पडायला लागला. पडताना बारीक, लांबलेली शीळ. आता आपटणार असं वाटलं तेवढ्यात पंख उघडले, पडण्याच्याच वेगावर पुन्हा थोडा वर गेला, पुन्हा मिटले, पुन्हा पडला. पायऱ्या पायऱ्यांनी असा तो खाली आला आणि हद्दीच्या दगडावर उतरला. पोट काळं, गाल पांढुरके, ऐट मोठी. शेजारच्या ढेकळातून एक मातकट मादी दोन पावलं चालली, थांबली, आणि काहीतरी टिपून खाऊ लागली.

"डोंबारी चंडोल," बाई हळूच म्हणाल्या. ज्याने हे नाव दिलं त्याने जत्रेतला डोंबाऱ्याचा खेळ डोळे भरून पाहिला असणार. नेब्रास्काच्या कोंबड्या जमिनीवर नाचतात. हा गडी जाळीशिवाय झुल्यावर. त्याने हा खेळ सात वेळा केला. चौघं प्लॉट नंबर एकोणीसवर उन्हात उभे राहिले आणि पाच मिनिटं कुणीही बोललं नाही, भाच्याने फोनही खिशात ठेवला होता. सातव्या वेळी बाईंना व्हिडिओची आठवण झाली. त्या व्हिडिओत नुसतं आभाळ आहे आणि काकूंचा आवाज: "दिसला? अगं बाई, तो बघा, तो बघा. गेला."

साडेदहाला पोह्यांची वेळ झाली. माळाच्या कडेला मोहरलेला आंबा होता, त्याखाली वाळक्या पानांचा खच, दोन-चार दगड, जरा लांब करवंदीची जाळी. काकूंनी वर्तमानपत्र पसरलं, डबे उघडले. पोहे, वर ओलं खोबरं, वेगळ्या डबीत लिंबू. चहा थर्मासमध्ये. चाळीस मिनिटं सगळे तिथे बसले. बाईंनी रातव्याचा विषयही काढला होता. "या माळावर रातवा नक्की असणार," त्या म्हणाल्या, "पण दिवसा दिसणं कर्मकठीण. जमिनीवर बसतो, पानांचाच रंग. माणसाचा पाय जवळजवळ पडेपर्यंत हलत नाही." तोफवाल्यांनी रातव्याचा फोटो हे आपलं आयुष्यातलं एक स्वप्न असल्याचं सांगून आणखी पोहे मागून घेतले.

एवढ्यात शेळ्या आल्या. दहा-बारा शेळ्या आणि मागे काठी खांद्यावर आडवी टाकलेले एक आजोबा. ते जरा अंतरावर थांबले, चौघांकडे बघत राहिले.

"आजोबा, चहा घेणार?" काकूंनी विचारलं.

"नको. तुमचं चालू द्या," आजोबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बघून झाला काय?"

"काय?"

"रातवा."

चौघांचे चमचे थांबले. "कुठला रातवा?"

आजोबांनी काठी उचलून डब्याच्या झाकणाकडे रोखली. झाकणापासून हातभर अंतरावर वाळकी पानं होती. वाळक्या पानांत आणखी वाळकी पानं होती. "सकाळधरनं तिथंच हाय," आजोबा म्हणाले. "तुमी बसलाव, म्हनून मी म्हनलो, त्यालाच बघत आसाल."

कुणी श्वास घेतला नाही. पानांत रेघा दिसायला लागल्या. मग रेघांत एक बारीक फट दिसली, आणि ती मिटत आलेला डोळा होता. डोळ्याभोवती पक्षी जमायला थोडा वेळ लागला: आखूड चोच, चोचीशी मिशांसारखे केस, राख सांडल्यासारखी पाठ. पाठीवर पोह्यांचा एक दाणा पडलेला होता.

तोफवाल्यांनी इंच इंच करून तोफ उचलली. समोर धरली. आतली यंत्रणा घुर्रघुर्र करत पुढे-मागे झाली आणि थांबली. असल्या लेन्सला चार-साडेचार मीटरच्या अलीकडचं काही स्पष्ट दिसत नाही. पाव मैलावरची घार ती पीस न् पीस दाखवते, पण डब्याशेजारचा रातवा तिच्या हिशेबी जगातच नव्हता. तोफवाले बसल्या बसल्या मागे सरकू लागले. चार मीटर मागे सरकायचं तर करवंदीच्या जाळीत जायला हवं होतं. ते गेले.

नेमक्या त्याच वेळी एका शेळीला पोह्यांचा वास आला. ती सरळ वर्तमानपत्रावर आली आणि रातवा उठला. आवाज शून्य. तपकिरी रुमाल वाऱ्याने उचलावा तसा तो शेळीच्या पोटाखालून गेला, दहा पावलांवर पानांत उतरला आणि संपला.

बाईंचा आवाज भावनेने भरून आला. "शेळीच्या पोटाखालून!" त्या म्हणाल्या. "याचं शास्त्रीय नाव माहीत आहे? कॅप्रीमल्गस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच शेळीचं दूध काढणारा. प्राचीन ग्रीसमध्ये, रोममध्ये लोक मानायचे की हा रात्री येऊन शेळ्यांचं दूध पितो." खरं तर रातवा रात्री उडते किडे खातो, आणि गुरं-शेळ्यांभोवती किडे असतात, म्हणून तो तिथे घिरट्या घालतो. पण लिनिअसने १७५८ मध्ये तेच नाव पक्कं केलं आणि बिचाऱ्यावरचा आळ कायमचा राहिला.

आजोबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "शेळीचं दूध?" ते म्हणाले. "अवो ताई, हिचं दूध मलाच गावत नाय. पाखराला कवा देते?"

उरलेला तासभर त्या दहा पावलांपलीकडच्या पाचोळ्याकडे पाहण्यात गेला. तोफवाल्यांना आता अंतर बरोबर मिळालं होतं, पक्षी मिळत नव्हता. आजोबा दोनदा "तो काय" म्हणाले आणि मग कंटाळून शेळ्यांमागे निघून गेले. काकूंनी जाता जाता आजोबांच्या काठीच्या रोखाने आपल्या साध्या फोनवर एक फोटो काढून ठेवला.

परतीच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली. भाच्याला कर्जतला जाऊन दिवाडकरांचा वडा खायचा होता, पण वड्यासाठी उलटं जायला कुणाचे पाय तयार नव्हते. नेरळ स्टेशनाबाहेरच्या वड्यावर भागवलं. टॅक्सीवाला तिथेच होता. तोफवाल्यांच्या सदऱ्याला चिकटलेले करवंदीचे काटे पाहून त्याने फक्त मान हलवली.

बाईंनी वहीत शेवटची ओळ लिहिली: 'रातवा, १.' एकूण बेचाळीस. मग काकूंचा फोटो नेब्रास्काला पाठवला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण प्लाट नदीवर लाखांनी उतरलेले क्रौंच पाहायला पहाटे निघायचं म्हणून मुलगी जागीच होती. शेलू जाण्याआधी उत्तर आलं: "आई, हा कसला फोटो? पाचोळ्याचा?"

"नीट बघ," बाईंनी लिहिलं.

वांगणीला पुन्हा उत्तर आलं. तिने फोटो मोठा करून एका जागी लाल गोल काढला होता. बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. गोलात आंब्याचं पान होतं. मग भाच्याने दुसरीकडे गोल काढला. तिथे दगड होता. तोफवाल्यांनी काढलेल्या गोलात काकूंच्या चपलेची सावली निघाली. काकूंनी फोन परत घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, दोन बोटांनी फोटो ताणून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत नेला आणि म्हणाल्या, "आत्ता तर इथंच होता."

बदलापूर गेलं, अंबरनाथ गेलं. डोंबिवलीला उतरताना फोन बाईंच्या हातात होता आणि गोल सव्वीस झाले होते.